एक नोबेल, दोन दंतकथा: मेंदूविज्ञान शाळेच्या दारी कसे आले

#थ्रेड #इतिहास #शिक्षण

१/२६
जानेवारी १९९८. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळात गव्हर्नर झेल मिलर यांनी अर्थसंकल्पाच्या निवेदनात मध्येच एक ध्वनिफीत लावली. बेथोवनच्या नवव्या सिम्फनीतील सूर सभागृहाने ऐकले. मग मिलर यांनी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या घरी अभिजात पाश्चात्त्य संगीताची फीत किंवा सीडी पोहोचविण्याची ती योजना होती. अगदी कोवळ्या वयात असे संगीत कानी पडले, तर गणित, अभियांत्रिकी आणि बुद्धिबळ यांना लागणारी विचारशक्ती घडते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

२/२६
या मागणीच्या मुळाशी 'नेचर' नियतकालिकात ऑक्टोबर १९९३ मध्ये छापलेला एक छोटा शोधनिबंध होता. फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना १० मिनिटे ऐकविली आणि लगेच आकृत्यांची काही कोडी सोडवायला दिली. शांत बसलेल्या वेळेपेक्षा त्यांचे गुण ८ ते ९ बुद्ध्यंकांइतके वाढले. हा परिणाम १० ते १५ मिनिटांत विरून गेला. प्रयोगात एकही बाळ नव्हते. कोणाच्याही मेंदूची प्रतिमा घेतलेली नव्हती.

३/२६
तरीही त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने कायदा करून सरकारी मदतीवर चालणाऱ्या पाळणाघरांना रोज अभिजात संगीत वाजविणे बंधनकारक केले. १९९९ मध्ये क्रिस्टोफर शाब्री यांनी तोवरचे सारे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा परिणाम नगण्य निघाला. जो काही उरला, तो मन थोडे उल्हसित झाल्याचा असावा, असे त्यांनी 'नेचर'मध्येच दाखवून दिले. तोपर्यंत सीडी घरोघर पोहोचल्या होत्या.

४/२६
प्रयोगशाळेतील एक मर्यादित निरीक्षण विधिमंडळापर्यंत जाता जाता इतके कसे फुगते? मेंदूविषयीचे ज्ञान शिक्षणाच्या धोरणात शिरते, तेव्हा ते नेमके कोणते काम करते? या प्रश्नांचा इतिहास मोझार्टच्या सीडीहून बराच जुना आहे. तो एकोणिसाव्या शतकातील बॉस्टनपासून सुरू होतो आणि ठाणे जिल्ह्यातील एका छोट्या गावापर्यंत येऊन पोहोचतो.

५/२६
१८३७ मध्ये होरेस मान हे मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मान यांची श्रद्धा 'फ्रेनॉलॉजी'वर होती. कवटीचे उंचवटे चाचपून माणसाची बुद्धी आणि स्वभाव सांगण्याची ही विद्या व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ योझेफ गाल यांनी मांडली आणि एडिंबरोच्या जॉर्ज कोम यांनी लोकप्रिय केली. मान यांच्यावर कोम यांचा प्रभाव एवढा, की त्यांनी आपल्या एका मुलाचे नाव जॉर्ज कोम मान असे ठेवले.

६/२६
फ्रेनॉलॉजीचे म्हणणे असे, की मेंदू हा अनेक शक्तींचा समूह असून जी शक्ती वापरली जाते ती वाढते. यावरून मान यांनी काढलेला निष्कर्ष मोठा माणुसकीचा होता. छडीने भीती तेवढी पोसली जाते. म्हणून शिक्षकाने मुलाच्या जिज्ञासेला आणि सद्भावनेला काम द्यावे. शाळेत हवा, उजेड आणि व्यायाम असावा. छडीला विरोध केल्यामुळे बॉस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांशी त्यांचा जाहीर वाद झाला. फ्रेनॉलॉजी साफ खोटी ठरली. तिच्या आधाराने मागितलेली सुधारणा मात्र योग्यच होती.

७/२६
उलट उदाहरणही त्याच शहरातले आहे. १८७३ मध्ये हार्वर्डशी संबंधित डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी 'सेक्स इन एज्युकेशन' हे पुस्तक लिहिले. शरीरातील शक्ती मर्यादित असते. मुलींनी मुलांसारखा कसून अभ्यास केला, तर ती शक्ती मेंदूकडे वळते आणि प्रजननसंस्था दुबळी राहते, असा त्यांचा दावा होता. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. उच्च शिक्षणाची आस धरलेल्या मुलींच्या एका पिढीला या वैद्यकीय भाकिताची धास्ती बाळगावी लागली.

८/२६
त्याला उत्तर मिळाले ते मोजदादीतून. पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना प्रश्नावली पाठविली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ७०५ पदवीधर स्त्रियांच्या आरोग्याची माहिती होती आणि महाविद्यालयीन शिक्षणाने प्रकृती ढासळल्याचा पुरावा तीत आढळला नाही. नेमक्या त्याच वर्षांत, १८८३ ते १८८६ या काळात, कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. मायदेशीच्या रूढीला मागे टाकून त्या जिथे गेल्या, तिथेही स्त्रीने शिकावे की नाही याचा निकाल अजून लागायचा होता. फक्त तिथला आक्षेप विज्ञानाची भाषा बोलत होता.

९/२६
मान आणि क्लार्क, दोघांचेही मेंदूविषयीचे ज्ञान चुकीचे होते. एकाचा निष्कर्ष मुलांच्या बाजूचा, दुसऱ्याचा मुलींच्या विरोधातला. दोघांच्याही बाबतीत निष्कर्ष आधीच मनाशी पक्का होता आणि मेंदूला साक्षीदार म्हणून नंतर उभे केले गेले. हा साक्षीदार प्रतिष्ठित असतो, सामान्य माणसाला त्याची उलटतपासणी घेता येत नाही. विसाव्या शतकात विज्ञान खरे झाले, यंत्रे अचूक झाली. साक्षीदाराचा उपयोग करण्याची पद्धत मात्र फारशी बदलली नाही.

१०/२६
१९८१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांमध्ये विभागले गेले. अर्धे रॉजर स्पेरी यांना मिळाले, उरलेले अर्धे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांना. तिघांचेही संशोधन उच्च दर्जाचे होते आणि आजही ते टिकून आहे. शिक्षणक्षेत्रात मात्र या एकाच पारितोषिकातून दोन दंतकथा जन्मल्या. पहिली 'डाव्या आणि उजव्या मेंदूची', दुसरी 'कायमच्या बंद होणाऱ्या खिडकीची'.

११/२६
पहिलीची हकीकत अशी. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटके थोपविण्यासाठी मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापला जाई. १९६० च्या दशकात स्पेरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियात अशा मोजक्या रुग्णांचा अभ्यास केला. एका गोलार्धाला दिसलेली वस्तू दुसऱ्याला कळत नाही, बोलणे मुख्यतः डाव्या गोलार्धातून होते, आकृत्यांची जुळणी उजवा अधिक चांगली करतो, असे त्यांना दिसले. हे सारे पट्टा कापलेल्या मेंदूंविषयी होते. शाळेत येणाऱ्या मुलाचा पट्टा शाबूत असतो आणि त्याचे दोन्ही गोलार्ध अखंड एकमेकांशी बोलत असतात.

१२/२६
पण कल्पना मोहक होती. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील चित्रकलेच्या शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी उजव्या मेंदूने चित्र काढायला शिकविणारे पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. 'डाव्या मेंदूची' तर्कनिष्ठ मुले आणि 'उजव्या मेंदूची' कल्पक मुले अशी वाटणी प्रशिक्षणवर्गांत रूढ झाली. खुद्द स्पेरी यांनी नोबेल व्याख्यानात बजावले होते, की ही डाव्या-उजव्याची कल्पना सहज भरकटत जाणारी आहे. २०१३ मध्ये युटा विद्यापीठातील संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूप्रतिमा तपासल्या. एकूण माणूसच 'डाव्या' किंवा 'उजव्या' मेंदूचा असतो, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

१३/२६
दुसऱ्या दंतकथेचे परिणाम अधिक खोल गेले. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या नवजात पिलांचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला. नंतर टाके काढले तरी त्या डोळ्याला मेंदू प्रतिसाद देईना. प्रौढ मांजरीवर हाच प्रयोग केला, तेव्हा असे काही घडले नाही. दृष्टीच्या घडणीला एक निर्णायक काळ असतो, हे सिद्ध झाले. याचा लाभ माणसाला थेट मिळाला. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये, हे डॉक्टरांना उमगले.

१४/२६
याच सुमारास शिकागोत पीटर हुटनलोचर हे बालमेंदूतज्ज्ञ एक चिकाटीचे काम करीत होते. चेतापेशी ज्या सूक्ष्म जोडण्यांतून एकमेकींना संदेश देतात, त्या सिनॅप्स ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होते. १९७९ मध्ये त्यांनी २१ मृत व्यक्तींच्या मेंदूंवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात नवजात बालकापासून ९० वर्षांच्या वृद्धापर्यंतचे मेंदू होते. मेंदूच्या पुढच्या भागात सिनॅप्सची दाटी पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वाधिक, प्रौढांपेक्षा सुमारे दीडपट असते आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी होत जाते.

१५/२६
तिसरा धागा उंदरांचा. बर्कले येथे मार्क रोझेन्झ्वाइग आणि मेरियन डायमंड यांनी, पुढे इलिनॉयमध्ये विल्यम ग्रीनो यांनी, खेळणी आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत अधिक जोडण्या दाखविल्या. लोकांनी याचा अर्थ 'समृद्ध बालपण' असा लावला. वस्तुतः तो मोठा पिंजरा रानातल्या नित्याच्या जीवनाच्या थोडा जवळ गेला होता, इतकेच. रिकाम्या पिंजऱ्यातला एकटा उंदीर हा वंचित उंदीर होता. शिवाय असे बदल प्रौढ उंदरांतही आढळले. ही शेवटची गोष्ट सांगण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

१६/२६
हे तीन धागे एकत्र विणले गेले १९९० च्या दशकात. १९९४ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने अमेरिकेतील तीन वर्षांखालील मुलांच्या दुरवस्थेवर 'स्टार्टिंग पॉइंट्स' हा अहवाल काढला. गरिबी, आईला न मिळणारी रजा, निकृष्ट पाळणाघरे असे त्याचे विषय होते. मेंदूविषयीचा मजकूर मोजक्या पानांचा होता. वृत्तपत्रांनी नेमका तोच उचलला. १७ एप्रिल १९९७ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन आणि हिलरी क्लिंटन यांनी बालकांच्या मेंदूसंशोधनावर व्हाइट हाउसमध्ये परिषद भरविली. त्याच महिन्यात चित्रपट-दिग्दर्शक रॉब रायनर यांच्या 'आय ॲम युअर चाइल्ड' मोहिमेचा दूरचित्रवाणीवर विशेष कार्यक्रम झाला.

१७/२६
पहिली तीन वर्षे मेंदू घडवितात, त्यानंतर खिडकी बंद होते, असा संदेश घरोघर गेला. नोव्हेंबर १९९८ मध्ये रायनर यांच्याच पुढाकाराने कॅलिफोर्नियातील मतदारांनी 'प्रपोझिशन १०' निसटत्या बहुमताने संमत केले. सिगारेटच्या पाकिटामागे ५० सेंट कर बसला आणि तो पैसा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राखून ठेवला गेला. त्यातून आरोग्यतपासण्या झाल्या, बालवाड्या चालल्या, घरभेटी झाल्या. हा लाभ खरा होता आणि तो मेंदूच्या चित्रांमुळे मिळाला. पुढे धूम्रपान घटत गेले, तसा बालकांचा निधीही घटत गेला.

१८/२६
पहिला जोरदार आक्षेप बाहेरून न येता घरातूनच आला. जॉन ब्रुअर हे सेंट लुइस येथील ज्या मॅकडॉनल फाउंडेशनचे अध्यक्ष होते, ती संस्थाच मेंदूसंशोधनाला अर्थसाहाय्य देत होती. १९९७ मध्ये त्यांनी लिहिले, की चेतापेशी ते वर्ग हा पूल सध्या बांधता येणार नाही. मेंदूविज्ञानापासून मानसशास्त्रापर्यंत एक पूल आहे, मानसशास्त्रापासून वर्गापर्यंत दुसरा. मधला थांबा गाळून थेट उडी मारणाऱ्याचा पाय घसरतो. १९९९ मध्ये त्यांनी 'पहिल्या तीन वर्षांच्या मिथका'वर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

१९/२६
मुद्दे सरळ होते. सिनॅप्सची दाटी सर्वाधिक असते त्या दीड-दोन वर्षांच्या वयात मूल अजून वाक्ये जोडायला शिकत असते. वाचन, गणित, तर्क हे सारे ती दाटी ओसरत असताना येते. तेव्हा जोडण्या जितक्या जास्त, तितकी बुद्धी जास्त, हे समीकरणच टिकत नाही. दृष्टीसारख्या क्षमतांसाठी मेंदू उजेड, आवाज, स्पर्श अशा सर्वत्र मिळणाऱ्या अनुभवांची वाट पाहतो. वाचन किंवा पाढे हे संस्कृतीने दिलेले ज्ञान आहे आणि त्यासाठी अशी बंद होणारी खिडकी आढळलेली नाही. ग्रीनो यांनी १९८७ मध्येच या दोन प्रकारच्या शिक्षणातला भेद मांडला होता.

२०/२६
बालवाडीची बाजू त्यामुळे दुबळी झाली का? मुळीच नाही. तिचा पुरावा निराळ्या ठिकाणी होता. मिशिगनमधील इप्सिलांटी या गावी १९६२ पासून गरीब कुटुंबांतील १२३ कृष्णवर्णीय मुलांवर 'पेरी प्रीस्कूल' हा प्रयोग झाला. सोडत पद्धतीने ५८ मुलांना दर्जेदार बालवाडी मिळाली, उरलेल्यांना नाही. या मुलांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचे शालेय शिक्षण अधिक झाले, कमाई अधिक राहिली, अटका कमी झाल्या. यात एकही सिनॅप्स मोजलेला नव्हता. मोजली होती ती माणसांची आयुष्ये.

२१/२६
बालपणातील घोर वंचना खोल व्रण ठेवते, हेही तितकेच खरे. रोमानियातील अनाथालयांत पाळण्यातच पडून राहिलेल्या १३६ बालकांवर २००० पासून बुखारेस्टमध्ये अभ्यास झाला. निम्म्या बालकांना सोडतीने पालक कुटुंबांत ठेवले. साडेचार वर्षांच्या वयात त्यांचा बुद्ध्यंक संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुमारे ८ गुणांनी अधिक होता आणि लवकर गेलेल्यांना लाभ अधिक झाला. २००४ मध्ये रोमानियाने दोन वर्षांखालील बालकांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवण्यास कायद्याने मनाई केली. संशोधन आणि धोरण यांची गाठ अशीही पडू शकते. मात्र तो पुरावा माणसाच्या मायेला पारखे झालेल्या बाळांचा आहे. चार खेळणी कमी असलेल्या घराला तो लावता येत नाही.

२२/२६
२००२ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या अहवालात मेंदूविषयीच्या अशा गैरसमजांची 'न्यूरोमिथ' म्हणून दखल घेतली. दहा वर्षांनी सॅन डेकर यांच्या गटाने ब्रिटन आणि नेदरलँड्समधील २४२ शिक्षकांची पाहणी केली. प्रत्येक मुलाची 'शिकण्याची शैली' ओळखून शिकविल्यास ते अधिक शिकते, हे पुराव्यावर न टिकलेले मत नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांना मान्य होते. ज्यांना मेंदूविषयी एकूण माहिती जास्त होती, त्यांचाच दंतकथांवर विश्वासही जास्त होता. आस्था असलेला शिक्षक वाचतो. त्याच्या हाती जे येते, त्यातले खरेखोटे निवडण्याचे साधन त्याला कोणी दिलेले नसते.

२३/२६
भारतात याची विकृत आवृत्ती 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' या नावाने आली. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल रंग ओळखते, पुस्तक वाचते, असे दाखवून पालकांकडून शुल्क घेतले जाई. महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसह देशातील विवेकवाद्यांनी चाचण्या घेतल्या आणि गुपित उघडे पाडले. मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून पाहत असे. यात पैशापेक्षा मोठे नुकसान मुलाचे होते. मोठ्यांच्या समाधानासाठी खोटे बोलण्याचे शिक्षण त्याला पद्धतशीर मिळत होते.

२४/२६
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा पहिला विषयच बालशिक्षण आहे. मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो, असे त्यात म्हटले आहे. विकास कोणत्या मापाने मोजला, हे त्या वाक्यात नाही. मेंदूचे वजन पाहिले, तर सहाव्या वर्षी ते प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. पण वजन म्हणजे शिक्षण नव्हे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षणव्यवस्थेत स्थान देण्याचा निर्णय मोलाचा आहे. ८५ ही संख्या मात्र ऐकणाऱ्याच्या मनात उरलेल्या १५ विषयी एक शंका पेरून जाते. सहावे वर्ष ओलांडून शाळेत आलेल्या मुलाचे काय?

२५/२६
महाराष्ट्राला बालशिक्षणाचे महत्त्व कळायला मेंदूची छायाचित्रे लागली नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी वारली मुलांसाठी काम उभारले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्या मुलांच्या घराचे, भाषेचे आणि भुकेचे निरीक्षण हा त्यांचा पुरावा होता. आज देशभरातील अंगणवाडी सेविका हे काम करतात आणि त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ पासून ते ३,००० वरून ४,५०० रुपये केले; राज्ये त्यात आपली भर घालतात. मेंदूच्या ८५ टक्क्यांची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली, त्यांच्या श्रमाचे मोल धोरणाच्या भाषेशी अजून जुळलेले नाही.

२६/२६
खिडकी खरोखर बंद होते का, याचे एक उत्तर देवनागरीतूनच मिळाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकविले. वय सरासरी तिशीच्या आसपास. सहा महिन्यांनी त्यांच्या मेंदूची पुन्हा प्रतिमा घेतली, तेव्हा दृष्टीशी निगडित भागांमधील समन्वय बदललेला दिसला. बदल मेंदूच्या अगदी आतल्या, जुन्या केंद्रांपर्यंत पोहोचला होता. त्याआधी २०१० मध्ये स्तानिस्लास देहेन यांच्या गटानेही पोर्तुगाल आणि ब्राझीलमधील मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांच्या मेंदूत अक्षरांसाठी जागा झालेली पाहिली होती.

८ मार्च २०१६ रोजी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसलेल्या, साठी ओलांडलेल्या आणि काही नव्वदीला टेकलेल्या आज्या खांद्याला दप्तर अडकवून तिथे पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. त्यांच्या मेंदूंची प्रतिमा कोणी घेतलेली नाही. जिथे आजवर अंगठा उठत होता, तिथे त्या आता आपले नाव लिहितात.

(समाप्त)